मार्सेलच्या बीअरला कांद्याचा वास

क्लॅरिस तीन पावलांवर उभी होती, आणि तिथूनही तिला तो वास आला.

मार्सेलने गोणीचं तोंड सोडलं होतं. त्याने हॉपची, म्हणजे बीअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या वेलाची, वाळलेली बोंडं मूठभर घेतली, दोन्ही तळहातांत चोळली, आतली पिवळी भुकटी बोटांना चिकटली, आणि हातांची ओंजळ करून तिच्यात तोंड खुपसलं. मॉक्सी गावात कुणीही हॉप असाच पारखतो. त्याने खोल श्वास घेतला, डोळे मिटले, मान डोलावली.

"संत्र्याची साल," तो म्हणाला. "आणि मागून जरासं देवदाराचं लाकूड. नेहमीचं सेंटेनियल टाकलं काय आणि हे टाकलं काय! आई, कुणाला पत्तासुद्धा लागायचा नाही."

क्लॅरिसला येत होता तो वास कांद्याचा होता. चिरून दोन दिवस डब्यात विसरलेल्या कांद्याचा, वर लसूण ठेचलेला. तिला आधी वाटलं, पोरगा थट्टा करतोय. ती हसायच्या बेतात होती. तेवढ्यात त्याने गोणीतला हॉप मापून जाळीच्या पिशवीत भरला, गाठ मारली, आणि गॅरेजच्या कोपऱ्यातल्या काळ्या बीअरच्या पिंपात ती पिशवी सोडून झाकण लावलं. त्याच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. क्लॅरिस हसली नाही.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "पाय दुखतायत. जाते मी."

तिला त्या गोणीची कुंडली ठाऊक होती. मागच्या सप्टेंबरात नदीकाठच्या मळ्याची तोडणी ऐन वेळी यंत्र मोडल्यामुळे पाच दिवस लांबली. वेलावर जास्त राहिलेला हॉप कधी कधी असा कांद्यावर जातो. निवडणीच्या पट्ट्यावर क्लॅरिस आणि तिची मैत्रीण डेल्फिना शेजारी शेजारी उभ्या असायच्या, पानं-काटक्या वेचता वेचता डेल्फिना म्हणाली होती, "बाई गं, याची बीअर कशाला करायची? सूप करा." दोन दिवस सगळ्या मळ्यात तोच विनोद चालला होता. आणि तो हॉप वाळवला होता मार्सेलने. स्वतःच्या हाताने. विनोदाला तोही हसला होता.

मार्सेल पॅटनॉड हा व्हर्नन रॅबिडोच्या मळ्यावरचा भट्टीवाला. वय पस्तीस. तोडलेला ओला हॉप भट्टीच्या जाळीदार मजल्यावर कमरेइतका पसरतात, खालून गरम हवा सोडतात, आणि तो नेमका कधी वाळला हे भट्टीवाला वासावरून ठरवतो. जास्त वाळला तर चुरा होतो. कमी वाळला आणि तसाच दाबून गासडीत बांधला, तर गासडी आतल्या आत तापत जाते आणि कधीतरी पेट घेते. म्हणून तोडणीच्या पाच आठवड्यांत भट्टीवाल्याच्या शब्दापुढे मालकाचंही चालत नाही. मार्सेल चौदा वर्षांचा असताना म्हातारा ओडिलॉन त्याला भट्टीवर घेऊन गेला, ढिगाच्या चार कोपऱ्यांतून चार मुठी काढून त्याच्या नाकाखाली धरल्या आणि विचारलं, "यातली कच्ची कुठली?" मार्सेलने पहिल्याच फटक्यात बरोबर सांगितलं. ओडिलॉनने त्या दिवशी क्लॅरिसच्या दारात येऊन सांगितलं होतं, "क्लॅरिस, तुझ्या नवऱ्याने मागे काय ठेवलं ते ठाऊक नाही, पण या पोराला नाक ठेवलंय." नवरा जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. ती बराच वेळ रडली होती, आणि ते रडणं दुःखाचं नव्हतं.

शाळा त्याला जमली नाही. लग्न जमलं आणि चार वर्षांत मोडलं. भट्टी मात्र जमली. ओडिलॉनच्या गुडघ्यांनी दगा दिल्यावर गेली नऊ वर्षं भट्टी मार्सेलकडे होती, आणि भट्टीबरोबर आलेला मानही: तोडणीच्या आदल्या शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये सगळ्या मळ्याचं जेवण असतं, त्यात भट्टीवाल्याने स्वतः गाळलेली बीअर पाजायची. मार्सेल काळी एल जातीची बीअर करायचा. करपेपर्यंत भाजलेल्या जवाने कॉफीसारखी काळी झालेली, आणि वर हॉपचा इतका मारा की डोळे मिटून प्यायलं तर कुणी तिला काळी म्हणणार नाही. त्याचा जीव सेंटेनियल जातीच्या हॉपात होता. पण मागणी घटली म्हणून व्हर्ननने या वसंतात पूर्वेकडचा सेंटेनियलचा अख्खा मळा उपटून काढला होता. तेव्हा यंदा दुसरी जात शोधणं भाग होतं.

दुसरी जात त्याने कशी शोधली, हे क्लॅरिसला गॅरेजमधून बाहेर पडतानाच दिसलं होतं. बाकावर प्रयोगशाळेचे दोन कागद होते. एक जुन्या सेंटेनियलचा, एक नदीकाठच्या मालाचा. कडवटपणाच्या आम्लाचा आकडा दोन्हीकडे दहाच्या आसपास, तेलाचा आकडाही जवळपास तोच. आकड्यांभोवती पेन्सिलीने गोल केले होते. कागदावर दोन्ही जुळे भाऊ. हाच मार्सेल शहरातून येणाऱ्या हौशी बीअरवाल्यांना हसायचा. "आकडे कडूपणा सांगतात रे बाबांनो, वास नाही सांगत. कागद हुंगून कुणाची बीअर झालीय?" असं तोंडावर सुनवायचा.

अंगण ओलांडून ती घरी आली. ऑगस्टातलं ऊन डोक्यावर होतं.

दोन दिवस तिने स्वतःची समजूत घातली. सर्दी असेल. धूळ असेल. तिसऱ्या दिवशी तिने त्याला न्याहारीला बोलावलं. तो टोस्टरकडे पाठ करून बसला आणि हवामानाबद्दल बोलू लागला, की पुढच्या सोमवारी तोडणी सुरू होईपर्यंत पाऊस नाही, रात्री थंड, अगदी हवं तसं. क्लॅरिसने टोस्टरचा खटका खाली दाबला आणि दाबूनच धरला. पाव आधी खमंग झाला, मग करपला, मग जळला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मार्सेल लोणी लावत बोलत होता. ती मनातल्या मनात देवाची करुणा भाकत होती की आता तरी वळ, आता तरी नाक मुरड, आता तरी म्हण की आई, जळतंय. छतावरचा धुराचा भोंगा किंचाळला तेव्हा तो खुर्चीतून उडाला.

त्याने टोस्टरकडे पाहिलं. खटक्यावरच्या तिच्या बोटाकडे पाहिलं.

"कधीपासून?" क्लॅरिसने विचारलं.

"अगं, टोस्ट जळला म्हणून काय लगेच..."

"मार्सेल. कधीपासून?"

तो खिडकी उघडायला उठला. पाठमोराच म्हणाला, "त्या मोठ्या तापानंतर. दोन वर्षांपूर्वीच्या वसंतात."

"म्हणजे दोन तोडण्या?"

"मला वाटलं परत येईल. डॉक्टरही म्हणाला होता, येतं कधी कधी."

"दोन तोडण्या तू भट्टीवर नाकाशिवाय उभा होतास?"

"हात आहेत ना मला! देठ मोडून बघतो, बोंड चोळून बघतो. ओलावा मोजायचं यंत्र आहे. आई, शेजारच्या काउंटीत तर निम्मे लोक यंत्रावरच चालवतात."

"ते यंत्र एका जागचं सांगतं. कोपऱ्यात ओला राहिलेला ढीग ते कसं सांगणार? तूच हे लोकांना शिकवतोस!"

तो खिडकीतून बाहेर बघू लागला. क्लॅरिसला एकदम मागच्या वर्षीची गासडी आठवली. ओडिलॉन सहज म्हणून काठी टेकत गासड्यांच्या शेडमध्ये आला होता आणि दारातच थबकला होता. गोडसर, तापलेल्या गवतासारखा वास येतोय म्हणाला. लोकांनी रास उपसली. मधली एक गासडी हात लावता येणार नाही इतकी तापलेली. कापली तेव्हा आतून कोळसा. त्या शेडमध्ये डेल्फिनाचा नवरा युसेबियो आणि त्याची माणसं दिवसाचे बारा तास गासड्या दाबत, शिवत असतात.

"ती गासडी," ती म्हणाली.

"माझीच होती," मार्सेल म्हणाला. "मला माहीत आहे, आई. मला रोज माहीत असतं."

क्लॅरिस खाली बसली. आपल्या पोराला आपण ओळखतो असं आईला वाटत असतं. निदान त्याच्या चपलांच्या आवाजावरून त्याचा दिवस कसा गेला ते कळतं असं वाटत असतं. दोन वर्षं दर रविवारी हा माणूस तिच्या टेबलावर जेवत होता, "वा, काय वास सुटलाय" म्हणत होता.

"व्हर्ननला सांग. आज सांग."

"यंदाची तोडणी होऊ दे. मग सांगतो."

"यंदा कुणी मेलं तर?"

"मेलं का दोन वर्षांत?" तो ओरडला, आणि लगेच ओशाळला. मग खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. "बरं, ऐक. पुढच्या शनिवारच्या जेवणात चाळीस माणसं माझी बीअर पिणार. जन्मभर हॉप हुंगलेली माणसं. त्यातल्या एकाने जरी म्हटलं की मार्सेल, काहीतरी बिनसलंय, तर तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर व्हर्ननला सांगतो. कुणीच काही म्हटलं नाही, तर समज की मला नाकाशिवायही येतंय. मग तू गप्प बसायचं."

क्लॅरिसने त्याच्याकडे पाहिलं. पिंपात काय पडलंय ते तिला ठाऊक होतं. त्याला ठाऊक नव्हतं; सूपच्या विनोदाला तो काही न कळता नुसता इतरांबरोबर हसला होता. तेव्हाच सांगता आलं असतं.

"ठीक आहे," ती म्हणाली.

शनिवारी हॉल गच्च भरला. हॅम, भाजलेले बटाटे, मक्याची कणसं, डेल्फिनाने पहाटे उठून मक्याच्या पानांत वाफवलेल्या, पिठाच्या तमाली. फादरनी प्रार्थना थोडक्यात आटोपली, कारण सगळ्यांचे डोळे पिंपाकडे होते. मार्सेलने इस्त्रीचा शर्ट घातला होता. रिवाजाप्रमाणे पहिला ग्लास त्याने स्वतःसाठी भरला, वर आलेला खाकी फेस हुंगला, घोट घेतला.

"भाजलेली कॉफी," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "त्यावर संत्र्याची साल. शेवटी देवदार. चला, घ्या!"

ग्लास फिरले. क्लॅरिसनेही घेतला. काळ्या, करपट चवीवर तो कांदा आणखीच उठून आला होता, जणू तव्यावर विसरलेला. तिने मान वर केली आणि वाट पाहू लागली. आता कुणीतरी बोलेल. चाळीस नाकं आहेत.

व्हर्ननने घोट घेतला. त्याच्या भुवया किंचित हलल्या. त्याने समोरच्या हॅमकडे पाहिलं, पुन्हा ग्लासाकडे पाहिलं. "वा!" तो म्हणाला. "जोरदार!"

युसेबियोने ओठ पुसले. "यंदा वेगळी झालीय, उस्ताद."

"वेगळी म्हणजे?" मार्सेलने झटकन विचारलं.

"वेगळी म्हणजे..." डेल्फिनाने टेबलाखाली नवऱ्याला लाथ मारली असावी, कारण तो दचकला. "वेगळी म्हणजे चांगली. दाट."

"संत्रं येतंय ना?"

"येतंय, येतंय," पलीकडून तिघेचौघे म्हणाले.

क्लॅरिसचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. याच माणसांनी गेल्या सप्टेंबरात या हॉपवर पोट धरधरून विनोद केले होते. ओडिलॉन तरी! शहात्तर वर्षांचं ते नाक! तिने टेबलाच्या टोकाला पाहिलं. म्हाताऱ्याने ग्लास गोल फिरवला, हुंगला, परत हुंगला, खिशातून रुमाल काढून नाक शिंकरलं, आणखी एकदा हुंगला. मग ग्लास हळूच खाली ठेवला आणि आपल्या हातांकडे बघत बसला.

टेबलापलीकडून मार्सेलने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या ओठांवर हसू नव्हतं, पण खांदे सैल पडले होते. दोन वर्षांत ते तसे पडलेले तिने पाहिले नव्हते. त्याने तिच्यासाठी ग्लास किंचित वर केला.

गप्प बसायचं ठरलं होतं. क्लॅरिस उभी राहिली.

"याला कांद्याचा वास येतोय," ती म्हणाली.

काटे-चमचे थांबले. मग ओडिलॉनने इतका मोठा सुस्कारा सोडला की फादरही वळले. "अरे देवा! मला वाटलं, माझंच नाक गेलं! म्हटलं, भट्टीवाला संत्रं म्हणतोय आणि आपल्याला कांदा येतोय, आता थडगं खणायला घ्यायला हरकत नाही."

"मला वाटलं हॅमला कुणी लसूण फासलाय!" व्हर्नन खो खो हसत म्हणाला.

"मी याला म्हणत होते," डेल्फिना युसेबियोकडे बोट करून म्हणाली, "तर हा म्हणतो, गप्प बस, उस्तादाला कळत नसेल तर कुणाला कळणार?"

सगळा हॉल हसू लागला. चाळीस माणसांना एकदमच सुटल्यासारखं झालं होतं. व्हर्ननने डोळे पुसले. "मार्सेल, लेका, गोणी कुठली उचललीस? नदीकाठची? ती सूपवाली? अरे, ती तर तूच वाळवली होतीस ना..."

हसणं त्याच्या तोंडावर जागच्या जागी थांबलं. मग एकेका टेबलावर थांबत गेलं.

"तुला टाकताना कळलं नाही?" व्हर्ननने विचारलं.

"नाही."

"आणि आत्ता पिताना?"

"नाही." मार्सेलने ग्लास खाली ठेवला. तो पांढराफटक पडला होता. "मला दोन वर्षं कसलाच वास येत नाही, व्हर्ननकाका. तुम्हाला सांगणार होतो."

व्हर्ननचा चेहरा आधी कोरा झाला, मग लालबुंद. "ती गासडी," तो शेवटी म्हणाला. क्लॅरिसचेच शब्द.

"हो."

युसेबियो उठला. तो आवाज चढवणारा माणूस नव्हता, आणि आताही त्याने चढवला नाही. "उस्ताद, त्या शेडमध्ये माझी भावंडं काम करतात. मागच्या वर्षी पट्ट्यावर काम संपलं की डेल्फिना तिथे गासड्या शिवायला यायची. मी तिला म्हणायचो, घाबरू नकोस, भट्टीवर मार्सेल आहे." त्याने आपला ग्लास मार्सेलच्या पुढ्यात नेऊन ठेवला, बायकोला खुणेने उठवलं आणि दोघं बाहेर गेले. तमालीचं भांडं तसंच राहिलं.

सोमवारी भट्टीवर ओडिलॉन चढला. दोघांनी त्याला हाताला धरून जिना चढवला, वर खुर्ची ठेवली, आणि दर तासाला मुठी भरभरून हॉप त्याच्या नाकाखाली नेऊ लागले. मार्सेलला व्हर्ननने वेल वाहायच्या ट्रकवर घातलं. काढून टाकलं नाही एवढंच. ट्रक भट्टीपाशी रिकामा करायचा आणि वर न बघता परत जायचं, असं तो दिवसभर करत राहिला.

पण त्याआधी, रविवारी दुपारी, तो क्लॅरिसच्या दारात आला. आत आला नाही.

"मी ती पिशवी पिंपात टाकली, तेव्हाच तुला वास आला होता?"

"हो."

"टाकायच्या आधी?"

"आधी."

"दहा दिवस." तो मोजल्यासारखा म्हणाला. "तू मला दहा दिवस त्या पिंपाचं झाकण पुसू दिलंस. इस्त्रीचा शर्ट घालून तिथे उभं राहू दिलंस. पैज लावली तेव्हासुद्धा तुला ठाऊक होतं."

"मी एकटीने सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस? व्हर्ननकडे गेला असतास?"

"नाही," तो म्हणाला.

"मग?"

"मग काही नाही. बाकीच्यांचं ठीक आहे, आई. ते मला मान देत होते म्हणून गप्प बसले. मला वाटायचं, तू तरी सांगशील."

क्लॅरिसने दाराची कडी घट्ट धरली होती.

तो जायला वळला आणि दोन पावलांवर थांबला. "आई, अजून काय काय आहे?"

"म्हणजे?"

"म्हणजे माझ्या अंगाला वास येतो का? कपड्यांना? मी शर्ट दोनदोनदा धुतो, पण मला काय कळणार. घरात काही कुजतंय? मला खरंच कळत नाही. चल, आणि सांग."

पायांत सपाता होत्या, त्याच घालून ती निघाली. अंगणापलीकडेच त्याचं छोटं घर. दारातून आत जाताच तिने नाकाने श्वास घेतला, आणि दोन वर्षांत आपण या घरात एकदाही जेवायला थांबलो नाही, नेहमी त्यालाच आपल्याकडे बोलावत आलो, हे तिच्या लक्षात आलं.

"बोल," तो म्हणाला.

"टॉवेल ओले राहिलेत. दमट वास आहे."

"बरं."

"सोफ्याला आंबट वास येतोय. बीअर सांडली असेल."

"बरं. पुढे?"

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ती थांबली. हात नकळत तोंडावर गेला. तिने तो खाली घेतला. "फ्रिजच्या मागे काहीतरी मेलंय. उंदीर असेल."

"आज?"

"नाही रे. बरेच दिवस झाले असतील."

मार्सेल भिंतीला टेकून खाली बसला, फरशीवरच. "चार जुलैच्या सुट्टीला मी इथे बारा जणांना जेवायला बोलावलं होतं," तो म्हणाला. "उशिरापर्यंत बसले होते. तेव्हाही होता का गं तो?"

तिला माहीत नव्हतं. असेलही, नसेलही. तिच्या तोंडावर आलं होतं की नसेल रे, उन्हाळ्यात लगेच सुटतो वास, हा परवाचाच. तिने ते गिळलं.

"असू शकेल," ती म्हणाली.

त्याने मान हलवली, गुडघ्यांवर हात टेकून उठला आणि फ्रिज भिंतीपासून ओढू लागला.

"तू न्हाणीघर बघून ये," तो म्हणाला. "आणि खरं तेच सांग."